मे महिन्यातला पाऊस आणि टिप्या

सोलापूरकराला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही, श्रोतेहो. मार्च सरला की पारा चाळिशी गाठतो, मेमध्ये ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर काळं कुत्रंही फिरकत नाही. गच्चीवर बादलीभर पाणी मारायचं, ते वाळेपर्यंत गप्पा मारायच्या आणि मग अंथरूण टाकायचं. त्या गप्पांचे विषयही ठरलेले. नळाला किती दिवसांआड पाणी आणि उजनी किती उण्यात. धरण 'उणे वीस टक्के' असू शकतं हे बाहेरगावच्या पाहुण्यांना कळत नाही. मृत साठ्यातलं पाणी वापरायला लागलो की आम्ही उण्यात मोजतो. इथली पोरं गणितातली ऋण संख्या शाळेच्या आधी उजनीकडून शिकतात.

२०२५ सालचा मे महिना शेतावर काढायचा असं आमच्या अम्मीनं ठरवलं. शेत तिचंच. तिच्या वडिलांच्या जमिनीतला तिच्या वाट्याचा तुकडा, सव्वादोन एकर, बार्शी रस्त्यावर नान्नजच्या अलीकडे. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओसरी, एक कडुनिंब आणि एक बोअर. ती आता ऐंशीच्या घरात आहे. 'अंगणात बाज टाकून, चांदण्या बघत एक उन्हाळा झोपायचंय,' एवढीच तिची इच्छा. मी, माझी बायको आणि अम्मी असे तिघं मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं राहायला गेलो. बाज टाकली. चांदण्या मात्र मोजून तीन रात्री दिसल्या.

वळवाचा पाऊस आम्हाला नवा नाही. संध्याकाळी आभाळ भरून येतं, धूळ उठते, चार टपोरे थेंब, एखादी गार आणि अर्ध्या तासात पुन्हा उकाडा. वळीव हा पाहुणा चहाला येतो, मुक्कामाला राहत नाही. तो या वर्षी पिशवी घेऊनच आला. रोज दुपारी तीनच्या सुमाराला दक्षिणेकडून काळोख यायचा आणि मग रात्रभर पत्र्यावर ताशा. शेजारच्या मळ्यातले मामा म्हणाले, 'कृत्तिका बरसायलीय, हे काय खरं नाही.' पुढं रोहिणी लागली, तीही बरसली. आमच्या भागाचा हक्काचा पाऊस म्हणजे उत्तरा आणि हस्त, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. त्याच्यावर ज्वारी येते. मे महिन्यातला पाऊस कुठल्या खात्यावर जमा करायचा हे मामांना कळेना.

हवामान खात्यानं २४ मेला मान्सून केरळात आल्याचं जाहीर केलं. एरवी तो तिथं १ जूनला येतो. दुसऱ्या दिवशी तो महाराष्ट्रात शिरला, २६ तारखेला मुंबईत पोचला आणि त्याच दिवशीच्या नकाशातली त्याची रेघ पुणे आणि सोलापूरवरून गेली होती. आम्ही रेडिओवर ऐकलं तेव्हा अम्मी म्हणाली, 'रेघ गेली काय, आपल्या पत्र्यावरनंच गेली.'

माझी बायको कोकणातली, रत्नागिरीकडची. तिला सोलापुरात येऊन तीस वर्षं होत आली, पण पावसाच्या बाबतीत ती अजून माहेरचीच आहे. आम्ही दोघं मायलेक वीज चमकली की दचकत होतो आणि ही दारात उभी राहून म्हणत होती, 'याला पाऊस म्हणतात होय?' पण चार दिवसांनी तिचाही सूर बदलला. माहेराहून फोन आला. तिकडं मेमध्येच शेतात पाणी उभं राहिलं होतं, घराची कौलं परतायची राहिली होती, लाकूडफाटा भिजला होता. कोकणातला माणूस पावसाला घाबरत नाही, पण तयारी होण्याआधी आलेल्या पावसाला तोही घाबरतो. आणि आमच्याकडं तर मामांचा कांदा शेतातच होता. काढून, कापून, ढीग लावून ताडपत्री टाकलेला. ताडपत्रीखाली चार दिवस ऊब धरली आणि वास सुटला. कुजलेल्या कांद्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला कवितेतल्या मृद्गंधाचं कौतुक सांगू नये. मी स्वतः मृद्गंधावर दोन कविता लिहिल्या आहेत म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे.

आता टिप्याबद्दल सांगतो. हा कुत्रा आम्ही पाळलेला नाही. पूर्वी शेतावर राहणारा गडी गाव सोडून गेला, भांडीकुंडी घेऊन गेला, कुत्रा ठेवून गेला. मामा त्याला भाकरी घालत होते. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, कमान टाकल्यासारखी पाठ. बघणारा लगेच म्हणतो, 'कारवानी आहे.' आहे अर्धाच, बाकीचा गावठी.

कारवानी ही आपल्या दख्खनची शिकारी कुत्र्याची जात. आखूड केसांचा तो कारवानी, कानाशेपटीला लांब रेशमी केस असलेला तो पश्मी. सीमेपलीकडं कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री नावारूपाला आणली. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळ होता आणि पुढं लष्करानंही ही जात तपासून पाहायला नेली. मला यातली नावं आवडतात. कारवानी म्हणजे कारवाँबरोबर चालत आलेला. पश्मी हा शब्द 'पश्म'वरून, म्हणजे मऊ लोकर, पश्मिन्यातली तीच. कुत्रा इथल्या माळावरचा, भाकरीवर वाढलेला, नाव मात्र फारसी. मराठी भाषेत असे पुष्कळ कारवानी शब्द मुक्कामाला राहिले आहेत आणि आता त्यांना कोणी मूळ गाव विचारत नाही.

कोरड्या दिवसांत टिप्याचा प्रश्न आला नसता. तो निंबाखाली, आम्ही ओसरीत. पण पाऊस लागला आणि निंब गळायला लागला. टिप्या आधी ओसरीच्या कडेला आला, मग ओसरीत, मग एका रात्री विजेच्या कडकडाटात थेट उंबऱ्याशी. अम्मी आत नमाजाला बसली होती. सलाम फिरवून तिनं पाहिलं आणि म्हणाली, 'नक्को रे बाबा. उंबऱ्याके अंदर नक्को उसकू.' अम्मी घरात दखनी बोलते. ही भाषा मला कवितेत कधी जमली नाही, पण घरातले सगळे हुकूम त्याच भाषेत सुटतात.

मुसलमानाच्या घरात कुत्रा हा विषय बाहेरच्या लोकांना वाटतो तेवढा सरळ नाही. शेत राखायला, कळप राखायला आणि शिकारीला कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्येच आहे. अडचण पाकीची असते, आणि त्यातही मतमतांतरं आहेत. आम्ही देशावरचे लोक हनफी, कोकणातले मुसलमान शाफई. हनफी मतानं कुत्र्याची लाळ नापाक, अंग तसं नाही. शाफई मतानं ओला कुत्रा अंगाला लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीनं. इमाम मालिकांना मानणारे तर कुत्र्याला मुळात पाकच समजतात, पण ते राहतात मोरोक्को-अल्जीरियाकडं. एरवी तीस वर्षांच्या संसारात हनफी-शाफई हा भेद आमच्या घरात आमीन मोठ्यानं म्हणायचं की मनात, एवढ्यापुरताच उरला होता. टिप्यानं अंगावरचं पाणी झटकलं आणि तो भेद एकदम जागा झाला. बायको म्हणे सात वेळा. अम्मी म्हणे तीन पुरे. मी दोघींच्या मध्ये, साडी-दुपट्ट्यांच्या आणि फतव्यांच्या पलीकडं टिप्याकडं बघत उभा.

मग अम्मीनंच निवाडा दिला. सूरह कहफ ती दर शुक्रवारी पढते. गुहेत जाऊन झोपलेल्या त्या तरुणांची गोष्ट तिथं आहे. जुलमी राजवटीला कंटाळून ते निघाले आणि तीनशे नऊ वर्षं झोपून राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा होता. तो पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबऱ्यावर बसून राहिला. पुढं लोक वाद घालतात की ते किती जण होते. कोणी म्हणे तिघं आणि चौथा कुत्रा, कोणी पाच आणि सहावा कुत्रा, कोणी सात आणि आठवा कुत्रा. मला या जागेचं फार नवल वाटत आलं आहे. माणसं किती यावर एकमत नाही, पण प्रत्येक मोजणीत कुत्रा मोजलेला आहे. लोकपरंपरेत त्याला कितमीर हे नाव आहे. अम्मी म्हणाली, 'कितमीर उंबऱ्यावर बसला होता. आत गेला नव्हता. टिप्यापण उंबऱ्यावर बसंल.' झालं. उंबऱ्यावर पोतं टाकलं. तिची जानमाज आतल्या भिंतीच्या खुंटीला, टिप्या पोत्यावर, मध्ये दोन हात अंतर.

तहानलेल्या कुत्र्याची गोष्ट बायकोनं त्या रात्री सांगितली. ती हदीसमध्ये आहे, बुखारींच्या संग्रहात. एक वाटसरू विहिरीत उतरून पाणी प्यायला. वर येतो तर एक कुत्रा तहानेनं ओली माती चाटतोय. तो पुन्हा खाली उतरला, पायातला चामडी मोजा पाण्यानं भरला, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजलं. तेवढ्यावर त्याचे गुन्हे माफ झाले. मामा ओसरीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, 'हे तर आमच्या नाथांचं झालं.' एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ती गोष्ट. त्यावर अम्मी म्हणाली, 'आणि नामदेव?' पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं. कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावतात, कोरडी खाऊ नको म्हणून. ही गोष्ट तिला शाळेतल्या पुस्तकातून नाही, माहेरच्या शेजारणीकडून मिळाली होती. रात्री दहा वाजता, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात अरबस्तान, पैठण आणि पंढरपूर अशी तिन्ही गावं आमच्या ओसरीत बसली होती. त्या सगळ्यांना ऐकणारा टिप्या तेवढा झोपला होता.

ओसरीत आणखी एक जण होता, त्याच्याबद्दल सांगायला हवं. बकरी ईद त्या वर्षी ७ जूनला होती. कुर्बानीचा बोकड आम्ही आधीच घेऊन शेतावर बांधला होता. काळाभोर, उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र बाजारात अजून उस्मानाबादीच आहे. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं. आंधळं, लंगडं, कान तुटलेलं चालत नाही. म्हणून अम्मी त्याला रोज स्वतःच्या हातानं मका चारत होती. गोठा नव्हता, त्यामुळं पावसात बोकड ओसरीच्या खांबाला. पहिले दोन दिवस टिप्या आणि बोकड एकमेकांकडं पाठ करून बसले. तिसऱ्या रात्री गारवा वाढला आणि सकाळी पाहतो तर दोघं पोत्यावर एकमेकांना लागून. बोकडाच्या पाठीवर टिप्याची मान.

नान्नजचा माळ सगळ्यांना माळढोकामुळं माहीत आहे. १९७९ साली तिथं अभयारण्य झालं. माळढोक आता दिसला तर त्याची बातमी होते. काळवीट मात्र कळपानं आहेत आणि लांडगेही आहेत. पावसानं मेंढपाळांची वाट अडली होती, कळप रोजच्या जागी नव्हते, त्यामुळं लांडग्यांचंही वेळापत्रक बिघडलं असावं. २८ किंवा २९ मेची रात्र असेल. पावसाची सर नुकतीच ओसरली होती. टिप्याचं भुंकणं एकदम थांबलं आणि घशातून घरघर सुरू झाली. मग बोकडाचं ओरडणं, झटापट, पत्र्याचा डबा उलटल्याचा आवाज. मी बॅटरी आणि काठी घेऊन दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. बोकड खांबाला दावं गुंडाळून थरथरत होता. टिप्या अंगणात उभा होता, तोंड माळाकडं, उजवा कान मधोमध फाटून लोंबत होता.

काय आलं होतं ते सकाळी चिखलानं सांगितलं. मामांच्या ओळखीचे एक धनगर बाबा ठसे बघायला आले. लांडग्याचा आणि कुत्र्याचा पंजा सारखाच दिसतो, मला तर काही फरक कळेना. बाबा म्हणाले, ठशाकडं बघू नका, चालीकडं बघा. कुत्रं हुंगत, रेंगाळत, वाट सोडून फिरतं. लांडगा कामाला निघाल्यासारखा सरळ रेघेत चालतो. आणि खरंच, बांधापासून ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत फूटपट्टी लावल्यासारखी एक ओळ आली होती. पुढं चार पावलं सगळी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. मग तीच ओळ थोडी तिरकी होऊन परत गेलेली. गेली चाळीस वर्षं मी कागदावरच्या ओळी वाचतोय. चिखलात एवढं स्पष्ट लिहिलेलं असू शकतं हे माहीत नव्हतं.

टिप्याला आधी रेबीजची लस दिलेली होती, तरी लांडग्याचा चावा म्हणून मोटारसायकलवर मध्ये बसवून, काळ्या मातीत दोनदा घसरत, गुरांच्या दवाखान्यात नेलं आणि पुन्हा इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टरांनी कान शिवला. घरी आल्यावर अम्मी उंबऱ्यावर बसली. टाका पुसून तिनं स्वतःच्या बोटांनी मलम लावलं. बोकडाचे दोन्ही कान तिनं चाचपून पाहिले. शाबूत होते. मग ती टिप्याला म्हणाली, 'तेरा गया, इसका रहा.' त्यानंतर तिनं हात तीनदा धुतले. बायकोनं आणखी चारदा धुवायला लावले, त्यात एकदा मातीनं. मातीला त्या दिवसांत तोटा नव्हता.

इथपर्यंत ऐकून तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात होता. मी तो अम्मीसमोर काढला नाही, तिनंच काढला. ईदच्या आदल्या दिवशी बोकड शहरात न्यायला टेम्पो आला. ती म्हणाली, 'ज्याची माया लागत नाही त्याची कुर्बानी कसली? बाजारातनं आणून दुसऱ्या दिवशी कापलं तर आपलं काय गेलं?' हे तिनं ज्या आवाजात सांगितलं त्यात कोरडेपणा नव्हता. टेम्पोत चढवण्याआधी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत ती बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती. टिप्या टेम्पोमागं डांबरी रस्त्यापर्यंत पळाला. कारवानीचं रक्त, वेग होता, पण रस्त्याला लागल्यावर थांबला. आपल्या शेताची हद्द त्याला पक्की ठाऊक होती.

कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे करतात. एक गोरगरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. घरच्या वाट्यातला एक तुकडा हाडासकट अम्मीनं बाजूला काढला आणि दुसऱ्या दिवशी मला शेतावर पाठवलं. मी कवी आहे. वाटेत माझ्या मनात एक कविता तयारच होती, ज्यात कुत्रा ते मांस हुंगतो आणि मान फिरवतो. टिप्यानं हुंगलं आणि खाल्लं. हाडही फोडलं. मग रिकाम्या खांबाशी गेला, दाव्याचा वास घेतला आणि पोत्यावर जाऊन अंग मुडपून पडला, अर्धीच जागा घेऊन. दोन-तीन दिवस तो तसाच अर्ध्या पोत्यावर झोपायचा, असं मामांनी सांगितलं. ती कविता मी लिहिली नाही.

गंमत म्हणजे ईदच्या आधीच पाऊस दडी मारून बसला होता. मेअखेर जो मान्सून धावत आला तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जागच्या जागी थांबला. शेतं ओली, आभाळ कोरडं. घाईनं पेरू नका असं रेडिओवर रोज सांगत होते. मामांनी ऐकलं, उडीद उशिरा पेरला. कांद्याचं नुकसान उडदानं काही भरून निघालं नाही, पण उडीद आला. आम्ही शहरात परतलो. टिप्याला शहरात आणायचा विचार बायकोनं बोलून दाखवला, शाफई असूनही. पण त्याच ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलेला वाद आमच्या गल्लीतही पोचला होता, आणि टिप्या ना भटका ना पाळलेला. त्याला कुठल्या रकान्यात बसवणार? तो शेताचा आहे.

सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत नदीकाठची गावं पाण्यात गेली, लांबोटीच्या पुलावरून पुणे महामार्ग बंद पडला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं होड्यांची वाट पाहू लागली. आमचं शेत नदीपासून लांब, पण त्या रात्री तिथंही पाऊस थांबत नव्हता आणि ओसरीत पाणी शिरल्याचा मामांचा फोन आला. किल्ली त्यांच्याकडंच असते. मी विचारलं, 'टिप्या कुठाय?' ते म्हणाले, 'आत.' मी म्हणालो, 'आत म्हणजे?' 'आत म्हणजे आत. खोलीत घेतलाय. काय करणार? उंबरा पाण्याखाली आहे.'

फोन ठेवला. अम्मी जागीच होती. तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं, 'माझी जानमाज खुंटीलाच हाय ना?'

'हो, वरच्या खुंटीला.'

'मग रहन दे,' म्हणाली आणि कूस बदलून झोपली.